निवडून झालेली डाळ

लातूरच्या एका क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवते. मेंदूचा धडा आला की डोपामाइन येतंच, आणि ते आलं की पोरांचे चेहरे खुलतात, कारण मोबाइलवर सगळ्यांनी ते नाव ऐकलेलं असतं. एक तरी पोर विचारतंच, "मॅडम, ते आनंदाचं रसायन ना?" मला या वाक्याची चीड आहे. मी खडू आपटते आणि सांगते, आनंदाचं नाही रे बाबांनो, ओढीचं. एक चेतापेशी ते दोन पेशींमधल्या फटीत सोडते, पलीकडची टिपून घेते, आणि तुमचा हात पुरणपोळीकडे जातो. पोळी गोड लागते ती बरीचशी दुसऱ्या रसायनांची करामत. हे पाहिजे, अजून पाहिजे, एवढंच याचं काम. पोरं मुकाट्यानं लिहून घेतात.

क्लास संपला की मी घरी येते. घरी मी आणि अप्पा, माझे वडील. माझं लग्न मोडून बरीच वर्षं झाली, आणि आई गेल्यावर अप्पांना लोह्याजवळच्या गावाहून मीच इकडे आणलं. त्यांना कंपवात आहे. शरीर हलवणारा मेंदूचा जो भाग, त्याला डोपामाइन पुरवणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, मग वाढवल्या. हाताची थरथर थांबली, पाऊल उचलायला लागलं. मी देवळात नारळ फोडला. बायोलॉजीची बाई असले म्हणून काय झालं!

मग अप्पा डाळ निवडायला लागले.

आमच्याकडे बाप्यांनी कधी सुपाला हात लावला नाही. अप्पा तर पाण्याचा तांब्यासुद्धा बसल्या जागी मागायचे. तो माणूस एका सकाळी परात पुढ्यात घेऊन खडे शोधत बसला आणि मला भरून आलं. वाटलं, लेकीचे कष्ट दिसले बापाला. शेजारणी मुद्दाम बघायला आल्या. "देवमाणूस हाय बाई तुमचे अप्पा. आमचे हे तर जेवलेलं ताट उचलत न्हाईत." मग एकेकीची डाळ आमच्याकडे यायला लागली. लातुरात डाळीला काय तोटा! खरं तर मिलमधली डाळ आता मशीनमधून इतकी साफ येते की निवडायला काही उरत नाही. तरी त्या पाठवायच्या, म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा म्हणून. मीही कौतुकानं पिशव्या घेत होते.

फक्त एक झालं. पूर्वी कडी वाजली की आतून "आली का माय?" ऐकू यायचं. ते बंद झालं. मी चपला काढायची, चहा ठेवायची, वर्गातली गंमत सांगायची, आणि अप्पा हूं हूं करत बोटानं दाणे सरकवायचे. जेवायला हाका मारून घसा कोरडा पडायचा. घरात बोलायला एकच माणूस, तोही डाळीनं पळवला. सवतीचा यावा तसा मला त्या परातीचा राग यायचा. कुणाला सांगायची सोय नव्हती. बाप कामाला हातभार लावतो म्हणून रडणारी लेक कुणी पाहिली आहे?

एका दुपारी लाइट गेली आणि क्लास लवकर सुटला. दार नुसतं लोटलेलं होतं. अप्पांच्या पुढ्यात दोन ढीग होते, एक तूरडाळीचा, एक हिरव्या मुगाचा. दोन्ही स्वच्छ. माझ्यादेखत त्यांनी दोन्ही ढीग परातीत लोटले, दोन्ही हातांनी चांगले कालवले, आणि पहिला मूग वेगळा काढला.

"अप्पा, काय करायलात हे?"

"निवडायलो."

"निवडून झालंच होतं की!"

त्यांनी वर पाहिलं नाही. बोटांची टोकं सोलवटून लाल झाली होती. मी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान शोधलं. काही नव्हतं तिथं, नुसती घाई होती.

जे मी फळ्यावर लिहिते ते माझ्या घरात परात घेऊन बसलं होतं. टोकाचं वावर भिजावं म्हणून पाट जास्त सोडला की वाटेतलं चांगलं वावर तुंबतं, तसं झालं होतं. हालचालीच्या भागासाठी गोळी वाढवली, आणि ओढीच्या भागात, जिथं मुळात फारशी कमी नव्हती, तिथं पूर आला. डॉक्टर म्हणाले, काहींना होतं असं, आणि त्यांनी गोळी हळूहळू कमी केली. मी पिशव्या परत केल्या. एक शेजारीण म्हणाली, "बापानं जरा काम केलं तर हिलाच दुखलं." तिला मी चांगलंच सुनावलं.

डाळ सुटली. हात पुन्हा थरथरायला लागला. मला वाटलं होतं, आता तरी आम्ही बोलू. पण अप्पा खिडकीपाशी बाजेवर नुसते बसून राहायला लागले.

"भाजी कोणती करू अप्पा?"

"कोन्ती बी."

"गावाकडं जाऊन यायचं का?"

"कशाला."

मग परवा सकाळी चहा घेताना ते आपणहून बोलले. "माय, ती गोळी वाढवून न्हाई मिळत का?"

"कशाला? बरं वाटायचं का डाळीत?"

"बरं कशाचं! बोटं जळायची, पाठ मोडायची." बशी हिंदकळत होती, ती मी धरली. "पन उजाडलं की उठावं वाटायचं."

डॉक्टरांना विचारू, दुसरं औषध असेल, असं काहीबाही मी बोलत राहिले. अप्पा ऐकत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, कितीतरी महिन्यांनी.

"तुला वाटतं का गं?"

"काय?"

"उजाडलं की उठावं."

"सकाळी क्लास असतो अप्पा. उठावंच लागतं."

"ते न्हाई इचारलं."

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी खेकसले असते. त्यांच्यापुढं मला खोटं बोलवेना.

"न्हाई वाटत, अप्पा," मी म्हणाले. "लई दिवस झाले."

अप्पा बाजेच्या कडेला धरून, एक एक पाय ओढत, मोठ्या कष्टानं बाजूला सरकले.

"मंग बस हितं," म्हणाले.