‘पारा’च्या दोन्ही बाजूंना स्टार

रायपूरच्या जुन्या वस्तीत मोहल्ल्याला पारा म्हणतात. विजया हिशीकर तात्यापाऱ्यात राहतात आणि बूढापाऱ्यातल्या एका कचेरीत पगारपत्रक करतात. कंपनी खासगी आहे, शहरभर तिची रक्ततपासणीची केंद्रं आहेत. विजयाताईंचं वय चोपन्न, तिथली नोकरी बावीस वर्षांची. वडील रेल्वेत होते, अकोल्याकडून बदली होऊन आले आणि इथेच राहिले. आईवडील गेल्यावर घरात दोघी उरल्या: विजयाताई आणि त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान बहीण क्षमा. दोघींनी लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर क्षमा सांगायची, "ताईले कोणी पसंत पडलं नाही, अन् माह्यासाठी आले ते ताईले पसंत पडले नाही."

क्षमाही त्याच कंपनीत होती. शहराबाहेरच्या उरला या औद्योगिक भागातल्या लोखंडाच्या कारखान्यांसाठी कंपनी एक प्रथमोपचार केंद्र चालवते. तिथे चारजणांत ती एक. भाजलेले हात, चेंगरलेली बोटं, डोळ्यांत गेलेला लोखंडाचा कीस. संध्याकाळी स्कूटीवरून परतली की ती दारात ओढणी झटकायची आणि काळी भुकटी फरशीवर पडायची. "सारा उरला घरात आणते ही पोट्टी," म्हणत विजयाताई फडकं मारायच्या.

विजयाताईंच्या कामात नावं कमी आणि खाती जास्त येतात. कोणत्या केंद्रावर पगाराचा किती खर्च झाला हे कळावं म्हणून प्रत्येक केंद्राचं वेगळं खर्चखातं असतं. खात्यांची नावं इंग्रजी अक्षरांत आहेत. अनेक खाती एका गटात घालायची तर एकेक निवडत बसावं लागत नाही. वाइल्डकार्ड सर्च आहे. शब्दाच्या मागेपुढे स्टार टाकला की त्या जागी काहीही चालतं, आणि तो शब्द असलेली सगळी खाती एकदम गोळा होतात. पडद्यावर खाती किती सापडली ते दिसतं. खात्यांची नावं आणि त्यांतली माणसं दिसत नाहीत.

गेल्या सप्टेंबरात कंपनीने जुन्या वस्तीतली सहा केंद्रं बंद करायचं ठरवलं. कर्मचाऱ्यांचं काम पाहणारा लोकेश विजयाताईंच्या टेबलाशी आला. "दीदी, पारा वाले सब एक ग्रुप में डाल दो. चिट्ठी उसी ग्रुप को जाएगी. और एक तारीख तक किसी को बोलना मत."

विजयाताईंनी पी, ए, आर, ए ही चार अक्षरं टाइप केली आणि दोन्ही बाजूंना स्टार लावले. पडद्यावर सात खाती आली. केंद्रं सहा. बूढापाऱ्याच्या केंद्रात नमुने घ्यायची दुसरी खिडकी उघडायचं मागे ठरलं होतं. तिचंच खातं असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी गट जतन केला.

सातवं खातं उरल्याचं होतं. प्रथमोपचाराचे कर्मचारी कंपनीच्या दप्तरी पॅरामेडिकल म्हणून लागलेले, आणि इंग्रजीत त्या शब्दाची पहिली चार अक्षरं तीच आहेत. बाकीच्या सहा खात्यांत पारा या शब्दानंतर एक आडवी रेघ आणि मग केंद्राचा क्रमांक होता. शोधताना ती रेघ टाकली असती तर सहाच खाती आली असती.

नोकरी संपल्याची पत्रं एक तारखेला जायची होती. लोकेशने ती बावीसलाच मोबाइलवर पाठवली आणि विजयाताईंना सांगायचं राहून गेलं.

त्या संध्याकाळी क्षमा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "ताई, ऑफिसात काही होऊन राहिलं का?"

विजयाताईंच्या मनात पाऱ्यांची सहा केंद्रं होती, आणि लोकेशला दिलेला शब्द. "काही नाही," त्या म्हणाल्या. "काहून?"

"असंच."

नंतरचा आठवडा क्षमा फारसं बोलली नाही. तीस तारखेला सकाळी तिने बॅग भरलेली होती. राजनांदगावच्या एका दवाखान्यात काम मिळालं आहे, तिथेच राहीन, एवढंच तिने सांगितलं.

"अन् इथली नोकरी?" विजयाताईंनी विचारलं.

क्षमाने बॅग उचलली. "तुले माहीत नाही का?" ती म्हणाली आणि जिना उतरली.

दोन दिवस तिने फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी काम सुटलेल्यांचे शेवटचे पगार काढताना विजयाताईंच्या समोर नावांची यादी आली. एकोणिसावं नाव क्षमा हिशीकर.

त्या लोकेशकडे गेल्या. "दीदी, आपने नाम नहीं देखे?" त्याने विचारलं.

"तूने देखे?"

दुपारपर्यंत उरल्याची चारही पत्रं मागे घेतली गेली. तिघं कामावर परतले. चौथीने संध्याकाळी फोन उचलला.

विजयाताईंनी स्टार, अक्षरं, रेघ, सगळं सांगितलं.

"चूक होती, हे मले पटलं," क्षमा शेवटी म्हणाली. "पण मी विचारलं तेव्हा तू काही नाही म्हणाली. मोबाइल माह्या हातातच होता, ताई. चिठ्ठी उघडी होती. तू एवढं म्हणाली असती ना, की मले सांगता येत नाही, तरी मी तुले दाखवली असती."

"मले वाटलं, तू बाकीच्यांबद्दल विचारून राहिली."

"हव. बाकीच्यांनाही तू हेच सांगितलं असतं."

विजयाताईंनी नंतर तिला दोनदा बोलावलं. दिवाळीला ती आली, एक दिवस राहिली, पाहुणीसारखी बसली आणि स्वतःचं ताट स्वतः घासून गेली. डिसेंबरात उरल्याच्या रिकाम्या जागेवर श्रावणी नावाची मुलगी लागली. तिचं नाव त्या खात्यात विजयाताईंनीच चढवलं.

आता कोणताही गट जतन करण्याआधी त्या नावांची यादी छापून घेतात आणि ओळीवर पट्टी ठेवून एकेक नाव ओठांत वाचतात. "दीदी, हाजिरी ले रही हो क्या?" लोकेश विचारतो.

घरी दाराजवळचं फडकं खिळ्यावर कोरडं लटकलेलं असतं. फरशी दोन-दोन दिवस पुसावी लागत नाही.