चादरीतला वास

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशींना सगळे 'वाफेवाली' म्हणत. दिवसभर वाफेत उभं राहून त्यांना जग जरासं धूसर दिसायचं, आणि ते त्यांना आवडायचंही. नवरा गेल्यावर घर नको इतकं नीटनेटकं राहू लागलं, तेव्हा त्या प्राण्यांच्या निवाऱ्यात गेल्या आणि तिथला सगळ्यात म्हातारा कुत्रा घेऊन आल्या. तोंड पांढरं, मागचा पाय ओढता. त्याचे मालक कुठल्याशा वृद्धाश्रमात गेले, एवढंच निवाऱ्यातल्या बाईंना ठाऊक होतं.

"आधीच तुझे गुडघे करकरतात," वहिनी म्हणाली, "त्यात हे आजोबा कशाला?"

"जिन्यात दम खायला सोबत झाली," मावशी म्हणाल्या.

झालं, 'आजोबा' हेच नाव पडलं. आजोबा निमूट जेवत, दाराकडे तोंड करून बसत. कुरवाळलं तर पाहुण्यासारखं संकोचून बसून राहत. मावशी त्यांना लाँड्रीत नेऊ लागल्या. तिथल्या उबदार फरशीवर त्यांना छान झोप लागे. झोपेत पाय हलत, जणू दुसऱ्याच कुठल्या गल्लीत धावत असावेत.

एका सकाळी धुवायच्या चादरींची गाठोडी आली आणि आजोबा धडपडत उठले. एका गाठोड्यात त्यांनी नाक खुपसलं. कधी न हललेली ती शेपटी अशी काही हलली, की शेजारची टोपली कलंडली. मग त्या चादरींवरच अंग टाकून ते बारीक आवाजात कण्हू लागले.

गाठोडं टेकडीवरच्या वृद्धाश्रमाचं होतं. चादरी धुऊन, इस्त्री होऊन तयार झाल्या, तेव्हा त्या पोचवायला मावशी स्वतःच निघाल्या, आजोबांना घेऊन.

व्हरांड्यात उन्हाला खुर्च्या मांडल्या होत्या. आजोबा एकेक खुर्ची हुंगत गेले आणि कडेच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यापाशी थांबले.

"हे घड्याळं दुरुस्त करायचे," तिथली नर्स हळूच म्हणाली. "आता कुणालाच ओळखत नाहीत."

पण म्हाताऱ्याचा हात आपसूक खाली आला आणि कुत्र्याच्या कानामागे नेमका जाऊन थांबला.

"पिल्लू," तो म्हणाला, "फाटकाबाहेर गेला होतास ना?"

मावशी नर्सकडे वळल्या. "ह्याला इथे ठेवता येईल?" त्यांनी विचारलं.

"छे हो, परवानगी नाही. भेटायला आणा. तेवढ्या वेळापुरती माझी नजर अधू होईल."

मावशींना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. म्हाताऱ्याला डुलकी लागली. कुत्र्याने त्याचा हात चाटला, क्षणभर घुटमळला, आणि पट्टा न ओढताच मावशींच्या पावलाला लागून चालू लागला.

आता चादरी पोचवायचं काम मावशींचंच. म्हातारा त्यांना आपली बहीण समजतो.

"ताई, पिल्लूला खायला घातलंस?"

"घातलं रे," मावशी शेजारी बसत सांगतात. कुत्रा दोघांच्या पायांवर निम्मा निम्मा पसरतो, आणि ऊन सरकत सरकत तिघांवरून जातं.