हौसाआजीकडे त्या संध्याकाळी कोण गेलं होतं?

आधीच सांगतो — भूत, चकवा, अंगात येणं, यातलं मला काहीच पटत नाही. ऑफिसात कोणी असला किस्सा सुरू केला की त्याची टर उडवणारा पहिला माणूस मी. आता माझ्यावरच लिहायची वेळ आलीय, तर हसा खुशाल. पण कोणाला काही सुचलं तर सांगा.

मी जिऑलॉजिस्ट. जमिनीत, भूजलात केमिकल मुरलंय का हे तपासायला आम्ही मॉनिटरिंग वेल घेतो. म्हणजे बोअरच, पण आत बारीक चिरांचा पाईप आणि वर कुलूपबंद झाकण. पाणी प्यायचं नाही, फक्त तपासायचं. शिरूरहून मांडवगण फराट्याकडे जाताना एका वस्तीजवळ केमिकलचे ड्रम धुण्याची बंद पडलेली शेड आहे. वस्तीचं नाव देत नाही. तिथल्या आमच्या एका वेलचा पाईप उसाच्या ट्रॉलीनं मोडला. जुनी वेल सिमेंट भरून बंद करायची आणि शेजारी नवी घ्यायची, एवढंच काम.

जागा हौसाआजीच्या घराला लागून. घरात आजी, एमआयडीसीत कामाला जाणारा मुलगा आणि पोटुशी सून वैशाली. पिण्याचं पाणी घरामागच्या विहिरीचं. ही बाजू शेडच्या वरच्या अंगाला. जमिनीखालचं पाणी इथून शेडकडे जातं, शेडकडून इथे येत नाही. त्यामुळे आजीची विहीर चांगलीच असणार, असं मी धरून चाललो होतो. हे लक्षात ठेवा, सगळा घोळ इथेच आहे.

नवी वेल झाली, रिग म्हणजे बोअर मारायची गाडी बंद केली. आजी तांब्या घेऊन आली.

"घ्या सायेब, उन्हाचं दमला आसाल."

मी बाटली वर करून दाखवली. "नको नको, माझं आहे."

साइटवरचं पाणी रिपोर्ट येईपर्यंत प्यायचं नाही हा आमचा नियम. चांगलं असो, वाईट असो, हात आपोआप बाटलीकडे जातो. आजीनं तांब्या खाली घेतला. "ऱ्हाऊ द्या. समजलं," म्हणाली आणि आत गेली.

मला मात्र समजलं गाडीत बसल्यावर. दारावर निळा झेंडा, आत बाबासाहेबांचा फोटो, आणि माझं आडनाव आजीनं सकाळीच विचारून घेतलं होतं. मी पाणी नाकारलं त्याचा तिनं काय अर्थ लावला असेल... मागे फिरणार होतो, तेवढ्यात वाटेत रिगचा हायड्रॉलिक पाईप फुटला. अंधार पडेपर्यंत मी शिरूरच्या गॅरेजमध्ये, रिगचा ड्रायव्हर रामशरणशी हुज्जत घालत. मुक्कामही तिथेच, लॉजवर.

पुढे वेलचे आणि विहिरीचे नमुने माझ्या सहकाऱ्यानं घेतले, मी तेव्हा खुटबावच्या कामावर होतो. मग रिपोर्ट आला. नव्या वेलमध्ये सॉल्व्हंट, म्हणजे ड्रम धुवायचं विषारी केमिकल. आजीच्या विहिरीत त्याहून जास्त. (शेडवाल्यानं वरच्या अंगाला गाळ पुरून ठेवला होता, हे नंतर कळलं.) वैशालीच्या पोटात बाळ, आणि ती रोज हे पाणी पितेय. तसाच गाडी काढून निघालो.

आजी हसत पुढे आली. "या सायेब, जयभीम. वैशाले, पानी आन."

"आजी, विहिरीचं पाणी—"

"न्हाई वो. त्या दिसापास्नं थेंब न्हाई घेतला. जारचंच पितो. तुमीच सांगितलं न्हवं?"

"मी? कधी?"

"बोर घेतली त्याच सांजंला की. हितं बसलात. म्हनलात, आजी, पानी नाकारलं ते तुमच्यामुळं न्हाई, पान्यामुळं. सुनंला ह्ये पाजू नका."

"भाकरी पन खाल्ली की तुम्ही," वैशाली आतून म्हणाली.

"नक्की मीच होतो?"

"दिसभर डोळ्यापुढं व्हता, वळखू न्हाई येनार व्हय?"

मी बाहेर येऊन रामशरणला फोन लावला, त्या संध्याकाळी मी कुठे होतो ते विचारलं. तो म्हणाला, "आप तो गॅरेज में ही थे साहब, मेरा दिमाग खा रहे थे."

आता कोणी म्हणेल, तुझ्या मनात खात होतं म्हणून असं काहीतरी झालं. खात होतं, कबूल. पण पाणी खराब आहे हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं! आजीनं विचारलं असतं तर मीच म्हणालो असतो, बिनधास्त प्या.

आत आलो तर वैशाली जारचं पाणी घेऊन उभी. आजी म्हणाली, "तुमी आला नसता, तर आमी ती गोष्ट मनात धरूनच बसलो असतो. आन् पानी बी पीत ऱ्हायलो असतो."

तो मी नव्हतो, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तसं म्हणालो असतो तर त्या घरात माझं काय उरलं असतं? पाणी नाकारून गेलेला माणूस. मी पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायलो. लाज वाटत होती, आणि बरंही वाटत होतं.

वैशालीला मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. परवा आजीचा फोन आला. म्हणाली, "पोरीचं नाव ठेवायचंय, तुमी नसला तर ठेवनार न्हाई." येतो म्हणालोय. आता मी जाणार, पहिल्या पंगतीला बसणार, मान घेणार... पण हे बोलावणं नक्की कोणाला आलंय, ते मला अजून कळलेलं नाही.