ताईंचं विमान गवतात उतरलं

एकतीस वर्षं बसडेपोत इंजिनं उघडून झाल्यावर ताई निवृत्त झाल्या, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मागच्या शेडमधली अडगळ बाहेर काढून भिंतीला विमानाचे नकाशे टाचले. दोन माणसांचं, एका इंजिनाचं, घरी बांधायचं विमान.

"साठी बुद्धी नाठी," शेजारीण म्हणाली.

ताईंचे यजमान शिंपी. ते एवढंच म्हणाले, "पंखांना कापड किती लागेल?"

सहा वर्षं लागली. सांगाडा ताईंचा, पंखांवरचा टाका न् टाका यजमानांचा. मग ताई फ्लाइंग क्लबात उडायला शिकल्या. तिथल्या मास्तरांनी त्यांच्याकडून एक गोष्ट अक्षरशः घोकून घेतली होती: इंजिन बंद पडलं तर आधी विमानाचं नाक खाली, म्हणजे वेग टिकतो. आणि धावपट्टीकडे मागे वळायचा मोह नको.

अकराव्या उड्डाणाला आकाश स्वच्छ होतं. ताई एकट्याच होत्या, मजेत गुणगुणत होत्या. बारा मिनिटं झाली आणि इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग पंखा समोर गपकन उभाच राहिला.

ताईंच्या हातांना घोकलेलं पाठ होतं. नाक खाली गेलं. पेट्रोलचा कॉक फिरवून पाहिला, स्टार्टर मारला. इंजिन ढिम्म. आता फक्त वाऱ्याची सूं सूं. एका घराच्या धुराड्यातला धूर त्यांच्याकडे झुकत होता, म्हणजे वारा समोरून होता. समोर नुकतंच कापलेलं गवताचं कुरण होतं, कडेला एक झाड.

"बये, नीट चाल," त्या विमानाला म्हणाल्या.

झाड खालून सरकलं. चाकं आपटली, विमान टुणकन उडालं, पुन्हा आपटलं, आणि गवताची एक गंजी अंगावर घेऊन थांबलं. ताईंनी हात, पाय, चष्मा चाचपला. सगळं जागच्या जागी. मग पट्टा सोडून त्या खाली उतरल्या.

कुरणाचे मालक, एक म्हातारबाबा, काठी टेकत आले.

"पेट्रोल संपलं वाटतं?"

"अर्धी टाकी आहे, बाबा."

"मग बिघडलं काय?"

"तेच बघते."

डोकं ताळ्यावर आणायचा ताईंना ठाऊक असलेला उपाय एकच, इंजिन बघणं. त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं तर 'हुस्स' करून हवा आत ओढली गेली. ताईंनी कपाळावर हात मारला. टाकीला श्वास घ्यायला बारीक नळी असते. ती तुंबली, तर आतलं पेट्रोल खाली यायचं थांबतं. नळीत तार घातली, तर चिकणमातीचा वाळका गोळा बाहेर पडला. शेडमध्ये कुंभारीण माशीनं आपलं घर थाटलं होतं!

म्हातारबाबा खो खो हसले. "एवढ्याशा माशीनं एवढं मोठं विमान उतरवलं!"

"चूक माशीची नाही हो. उडण्याआधी ती नळी बघायची होती. मी बघितली नाही."

तासाभरात यजमान स्कूटर हाणत आले. घाईत वहाणा दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या. ताईंना धडधाकट बघून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग राग आला.

"फोनवर जागा सांगितलीस आणि नुसतं 'उतरले' म्हणालीस! कशी, का, काही नाही!"

"उतरले हे महत्त्वाचं नाही का?"

ते विमानाभोवती एक चक्कर मारून आले. "पंख?"

"एक टाका उसवला नाही."

तेव्हा कुठे ते हसले.

पंख सोडवून विमान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी आलं. विमानाच्या चाकाचा वाकलेला दांडा ताईंनी सरळ केला, नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली, आणि सहा आठवड्यांनी मास्तरांच्या देखत पुन्हा उडाल्या. त्या दिवशी कुरणावरून जाताना त्यांनी पंख दोनदा हलवले. खाली म्हातारबाबांनी काठी उंच धरली होती.