शर्टांना टाचलेली भाषा

तोंडात टाचण्या धरूनच मावशी बोलायची. "दम धर, माप चुकंल," हे मी तिच्याकडून दिवसाला दहादा ऐकलं असेल. राहुरीच्या बाजारपेठेत तिचं शिवणाचं लहानसं दुकान होतं आणि मी तिच्याकडे काजं-बटणं करायला होते.

तिची मुलगी नर्स. आइसलँडला कामाला गेली, तिथंच लग्न केलं. नातू चार वर्षांचा झाला तरी त्याला मराठी कळेना. मावशी मोबाईलवर "जेवला का रं?" म्हणायची आणि तो खेळायला निघून जायचा. शेवटी तिनंच त्याची भाषा शिकायचं ठरवलं. तिथं जाऊन त्याला आपल्या हातानं कपडे घालायचे, एवढीच तिची हौस. "कपड्यापासून सुरू करते. त्येवढंच मला कळतंय."

मुलगी शब्द बोलून पाठवायची, मावशी ते ऐकून चिठ्ठ्या लिहायची. पेय्सा म्हणजे स्वेटर. ऊल्पा म्हणजे थंडीचा जाड कोट. हूवा म्हणजे टोपी. व्हेटलिंगार म्हणजे हातमोजे. ते तिनं कधी हाताळलेच नव्हते, म्हणून चिंध्यांचा एक शिवून पाहिला, अंगठा वेगळा ठेवून.

तुम्ही शिंप्याकडे गेला असाल तर पाहिलं असेल, तयार कपड्याला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी टाचलेली असते. मावशीनं पाठांतरासाठी तिथंच आपले शब्द टाचले आणि नावं काढून टाकली. दुसऱ्या दिवशी एक मास्तर तणतणत आले.

"मावशी, हा बुख्सुर कोण? त्याची प्यांट मला दिली तुमी. कंबर लई बारीक हाय गड्याची!"

"मास्तर, बुख्सुर मंजी प्यांटच."

"मग माझी कुठाय?"

मावशीनं आधी तोंडातल्या टाचण्या काढल्या, मग पोटभर हसली.

तिकडे जायला मावशीनं मागितलेला व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला गेला. ती परत येईल याची खात्री वाटत नाही, असं कागदावर होतं. माझं डोकं भडकलं. हौसेनं बर्फ बघायला जाणाऱ्या श्रीमंताला सगळी दारं उघडी, आणि नातवाकडे निघालेल्या शिंपिणीनं मात्र परतीचा पुरावा द्यायचा! मी तिथंच निषेधाचं पत्रक लिहायला बसले.

"लिही बाई," ती थकून म्हणाली. "पन आधी त्या पोलक्याची काजं उरक."

त्यानंतर तिनं नवी चिठ्ठी केली नाही.

मग एका दुपारी मुलीचा फोन आला. तिकडे सकाळ होती, तरी हिवाळ्यामुळे काळोख. पोरगं कपडे घालायला तयार नव्हतं आणि मुलीला ड्युटीला उशीर होत होता. तिनं टॅबलेट कपाटावर उभा केला. "आई, तू बोल त्याच्याशी."

मावशी मशीन थांबवून म्हणाली, "पेय्सा."

पोरगं थबकलं. "अम्मा?" तिकडे आजीला तसंच म्हणतात. त्यानं स्वेटर डोक्यातून घातला.

"ऊल्पा." कोट चढला. "हूवा." टोपी आली. "व्हेटलिंगार." एक मोजा उलटा गेला, मग सरळ झाला.

दार उघडून मायलेक बाहेर पडले. घाईत टॅबलेट चालूच राहिला. पडद्यावर रिकाम्या खुंट्या आणि बंद दार. मावशीचे दोन्ही हात अजून हवेत होते, कुणाची तरी टोपी कानांवर ओढत असल्यासारखे.