काचेच्या दुकानातली मामी

आमच्या गावात दारूची दुकानं तीन. दोन स्टँडजवळ, एक पुलाच्या तोंडाशी. स्टँडजवळची दोन्ही एकाच माणसाची, त्याला सगळे स्टँडवालाच म्हणतात. पुलाजवळचं दुकान मात्र इतक्या वेळा विकलं गेलं, की त्याचा मालक सध्या कोण हे गावाला कधी नीट सांगता यायचं नाही. विचारलं तर लोक म्हणत, "मामीचं दुकान." वास्तविक मामी तिथे नोकरीला होती. मालक आले नि गेले, बोर्ड चढले नि उतरले, काउंटरमागची मामी होती तिथेच होती. अख्खं गाव तिला मामी म्हणतं याचा लहानपणी मला भारी राग यायचा, कारण खरी मामी ती माझी. माझ्या आईच्या धाकट्या भावाची बायको.

दिसायला ठेंगणी. दोरी बांधलेला चष्मा गळ्यात, आणि तो डोळ्यांवर चढवायच्या आतच समोरच्याचं माप काढलेलं. आयुष्यात दारूचा थेंब तिनं तोंडात घातला नाही. "वास घेऊन घेऊनच पोट भरलं," म्हणायची.

दुकान मुळात पैलवानाचं. कुस्ती सोडून त्याला जमाना लोटला होता, शर्ट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्यानं मामीला बाटल्या पुसायला ठेवलं होतं. काउंटरला तेव्हा लोखंडी जाळी होती आणि जाळीला हात जाईल एवढं भोक. थोडे दिवस बघून मामी त्याला म्हणाली, "या भोकातून हात घालताना चांगला माणूससुद्धा चोरासारखा दिसतो. आणि दिसायला लागला की वागायलाही लागतो." पैलवानाला पटलं. त्यानं जाळी काढून भंगारात घातली आणि मामीला काउंटरवर उभं केलं. तिच्यासमोर कुणी शिवी देत नाही हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

तिथे उभं राहिल्यावर मामीनं तिचा तो प्रश्न सुरू केला. सुतार यायचा, म्हणायचा, "मामी, एक क्वार्टर."

"घरी काय सांगून आलास?"

"दूध आणायला चाललोय म्हणून."

"मग दूध कुठंय?"

"आणतो की. जाता जाता."

"आधी दूध."

आणि खरंच देत नसे. जी थाप मारून माणूस घराबाहेर पडला असेल ती त्यानं आधी खरी करायची, मग बाटली. भाजीला म्हणून निघालेल्यानं भाजीची पिशवी दाखवायची, पोस्टात चाललो म्हणणाऱ्यानं निदान एक तिकीट. "प्यायलाच चाललोय असं सांगून आलो" म्हणणाऱ्याला मात्र रांग मोडून पहिला नंबर. गावातल्या एका शिंप्यानं बायकोला सांगितलं होतं, केस कापायला जातो. मामीनं त्याला केस कापायला पाठवलं. त्यानं तीच थाप त्या आठवड्यात पुन्हा मारली, पुन्हा मारली, आणि शेवटी डोक्यावर कापायला काही उरलं नाही तेव्हा घरी जाऊन खरं सांगून टाकलं. पुलाजवळचा भाजीवाला, दूधवाला आणि न्हावी या तिघांचे संसार मामीच्या त्या एका प्रश्नावर उभे राहिले, असं मी म्हटलं तर कुणी नाही म्हणणार नाही.

पैलवानाचे गुडघे गेले आणि दुकान दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. ते रविवारी येऊन खुर्ची टाकून बसत आणि गिऱ्हाइकानं तोंड उघडलं की आत डोकावत. "वरची डावी दाढ, दाखवून जा एकदा." लोक पुढे पुढे तोंड मिटून, नुसतं बोट दाखवून बाटली मागायला लागले. डॉक्टर कंटाळले. मग आले दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा. वर्षभरात त्यांचं असं फाटलं की दुकानात जमिनीवर मधोमध खडूची रेघ आली. डावीकडे धाकट्याची बिअर, उजवीकडे थोरल्याचं बाकी सगळं, आणि रेघेवर मामी.

"मामी, त्याला सांगा, पंखा बंद कर."

"मामी, त्याला सांगा, मला उकडतंय."

दोघांमध्ये अंतर चार हातांचं. मामी दोघांचे निरोप दोघांना पोचवी, आणि अधूनमधून स्वतःच्या पदरचं एखादं गोड वाक्यही त्यात घाली. दर विक्रीच्या वेळी जुना मालक नव्याला एकच सांगे, "फ्रिज जुना आहे, छप्पर कोपऱ्यात गळतं, आणि मामी आहे. फ्रिज बदला, छप्पर बदला, मामीला हात लावू नका."

आता मामाबद्दल. मामा घड्याळं दुरुस्त करतो. त्याचा ठेला त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. स्वभावानं गरीब, पण अब्रूला काचेसारखा जपणारा. असल्या अब्रूदार माणसांचा मला मनस्वी संताप येतो, आणि मामावर तर माझा जीव आहे, त्यामुळे माझी फार पंचाईत होते. मामी कामाला लागली तेव्हा थोरल्या मावशीनं विचारलं होतं, "कुठे लागली नोकरी?" थोरली मावशी म्हणजे आई आणि मामा या दोघांची मोठी बहीण. तिनंच दोघांना वाढवलं. ती परगावी लेकाकडे राहते, पण तिचं नाव काढलं तरी आमच्या घरात लोक सरळ बसतात. तिच्यापुढे मामाला खरं सांगवेना आणि तो बोलून गेला, "काचेच्या सामानाच्या दुकानात."

बाटल्या काचेच्याच असतात, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हे, असं त्याचं म्हणणं. पण त्यानंतर नात्यात कुठेही लग्न निघालं की मावशीचा निरोप हजर: दुकानातून कपबशा आण, बरण्या आण, तुला स्वस्तात पडत असतील. मामी बिचारी बाजारात जाऊन पुरत्या किमतीला घ्यायची आणि स्वस्तात मिळालं म्हणून सांगायची. थाप मामाची, भुर्दंड मामीला. मामा तर पुलावरून जातही नसे. ठेल्यावर जायला त्यानं मागच्या गल्लीचा वळसा धरला होता, तो इतकी वर्षं सुटला नाही. एकदा मी चिडून मामीला म्हटलं, "गावाला विचारतेस घरी काय सांगून आलास, मग घरातल्याला का नाही विचारत?"

"गावाचा माल माझ्या हातात असतो," मामी म्हणाली. "यांचं काय अडवून धरू?"

मग भावांनी दुकान विकायला काढलं. स्टँडवाला रोखीनं घ्यायला तयारच होता. तो काय करणार तेही त्यानं लपवलं नव्हतं. पुलाजवळचं दुकान बंद, तिथे गोदाम, आणि गिऱ्हाइकानं यायचं ते स्टँडवर, तिथल्या जाळीच्या भोकाशी. एक दिवस थोरला मामीला बाजूला घेऊन म्हणाला, "मामी, तुम्हीच घ्या ना. धाकट्याला सांगू नका मी बोललो म्हणून." दुसऱ्या दिवशी धाकट्यानं तेच सांगितलं, वर थोरल्याला सांगू नका म्हणून शपथही घातली. कितीतरी दिवसांनी दोघांचं एकमत झालं होतं आणि दोघांना त्याचा पत्ता नव्हता. फक्त शनिवारपर्यंत सांगा, म्हणाले, पुढे थांबवणं जमणार नाही.

त्या संध्याकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "मला हवंय गं ते दुकान." मामीला काही हवंय हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. लोकांना काय हवं ते तिला ओळीनं पाठ होतं, पण तिला काय हवं हे आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. मला एकदम भरून आलं, आणि कांद्याची सोय झाली.

बँक कर्ज द्यायला तयार होती, पण घरावर. घर मामाच्या नावावर, म्हणजे सही मामाची. आणि मामा सही करेना.

"अक्काला काय सांगू?" हे त्याचं पालुपद. अक्का म्हणजे थोरली मावशी. "नोकरी झाकता येते गं. मालकी कशी झाकायची? कागदावर येणार, बोर्डावर येणार." मग गुरुवारी त्यानं तोड काढली. मोठ्या उत्साहानं म्हणाला, "एका भिंतीला काचेच्या सामानाचं कपाट ठेवू. ग्लास, बरण्या, सगळं. म्हणजे बोललो ते खरं होतं. तुझाच तर नियम."

मामीनं हातातली सुरी खाली ठेवली. "अख्ख्या गावाच्या थापा खऱ्या करवून घेतल्या मी. तुमची नाही करणार. ते दूध आणायला निघाले होते आणि वाटेत माझ्याकडे आले. मी कुठे निघालेच नव्हते. मी होते तिथेच होते, तुम्ही भलतीकडे दाखवलंत." तिचा आवाज चढला नव्हता. मामा जेवायचा थांबला. नंतर घरात कुणी कुणाशी बोलेना, आणि मी दोघांच्या मध्ये बसून, त्या खडूच्या रेघेवर उभं राहणं काय असतं ते शिकले.

शुक्रवारी मी मामाच्या ठेल्यावर बसले होते, तेवढ्यात स्टँडवाला आला. मनगटावरचं घड्याळ काढून पुढे ठेवलं, मागे पडतंय म्हणाला. मामानं भिंग डोळ्याला लावलं. स्टँडवाल्यानं स्टूल ओढलं.

"तुमच्यासारख्या सभ्य माणसाला हे शोभत नाही बघा," तो म्हणाला. "वहिनींना कसल्या कसल्या लोकांत उभं राहावं लागतं. आता बसवा घरी. मालकी म्हणजे काय बाटल्या पुसणं आहे? तुम्ही सही करत नाही, हे अगदी बरोबर करताय."

मामानं भिंग काढलं नाही. "कसल्या लोकांत?"

"दारुड्यांत, आणखी कुणात."

इतकी वर्षं हेच तर मामाच्या मनात होतं. पण आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणसाला ते कसं ओंगळ वाटतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मामाचे कान लाल झाले.

"माझी बायको तिथे उभी असते म्हणून या गावात निम्म्या घरांत दूध वेळेवर पोचतं," तो म्हणाला. "तुमच्या दोन दुकानांतून काय पोचतं घरी?" मग घड्याळाचं झाकण बंद करून त्यानं ते पुढे सरकवलं. "हे ठीक आहे. काहीही झालेलं नाही याला."

स्टँडवाला गेला. मामानं ठेल्याला कुलूप घातलं, मला म्हणाला, "चल," आणि आम्ही तरातरा बँकेत गेलो. केसाएवढा स्क्रू पहिल्या झटक्यात बसवणारा माणूस, पण सही करताना रकाना चुकला आणि दुसरा कागद मागावा लागला. बाहेर आल्यावर म्हणाला, "तिला तू सांग." मी म्हटलं, मेले तरी सांगणार नाही. त्यानंच सांगितलं. मामीनं ताट घेतलं आणि म्हणाली, "जेवायला वाढू?" आणि त्या दिवशी तो दोन माणसांचं जेवला.

सही झाली खरी, पण अक्काचं काय? बोर्ड बदलला, खडूची रेघ पुसली गेली, दोघे भाऊ गिऱ्हाईक म्हणून वेगवेगळ्या वेळी यायला लागले, आणि मावशीचं नाव कुणी काढेना. मामी तर आनंदात होती. जुना फ्रिज गेला होता, छप्पर गळायचं थांबलं होतं. पण संध्याकाळी पुलावरून माणसं येताना दिसली की ती मान उंचावून बघायची. कुणाला शोधतेस, हे मी विचारलं नाही, मला ठाऊक होतं. मालकीण झाली तरी तिचा नवरा अजून मागच्या गल्लीनंच घरी जात होता.

आणि मग मावशी आली. डोळे तपासायला म्हणून चार दिवस. तिला उतरवून घ्यायला मामा स्टँडवर गेला. मी दुकानात मामीच्या मदतीला होते. संध्याकाळची गर्दी ऐन भरात. बाहेर बघितलं तर मामा पुलावरून सरळ येत होता, एका हातात मावशीची पिशवी, दुसऱ्या हातात मावशीचा हात. पायरीशी क्षणभर अडखळला आणि वर चढला. रांग आपोआप दुभंगली.

मावशीनं चष्मा सारखा केला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश बघितलं.

"अक्का, हे हिचं दुकान," मामा म्हणाला. "दारूचं आहे. आधी हिची नोकरी होती इथे. आता ही मालकीण आहे."

"आणि ते काचेचं?"

"नव्हतंच कधी."

"मग नातीच्या लग्नातल्या कपबशा?"

"बाजारातल्या. पुरत्या किमतीच्या. आजवरच्या सगळ्याच."

मावशी मामाकडे वळली. "लाज नाही वाटली रे तुला?"

"वाटते, अक्का," मामा म्हणाला. "हिला लपवून ठेवलं त्याची."

मामीनं पोस्टमनसाठी एक बाटली काढून हातात धरली होती. ती तशीच धरून उभी राहिली. मी उघडपणे रडत होते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. मावशीनं स्टूल ओढलं, त्यावर ऐसपैस बसली. मामी गडबडीनं म्हणाली, "वन्सं, पाणी आणते."

"तू तुझं गिऱ्हाईक बघ," मावशी म्हणाली. "पाणी हा आणेल."

मामीनं बाटली पोस्टमनच्या हातात दिली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. "मामी, ही भारीतली आहे. मी ही नव्हती मागितली."

"राहू दे रे," मामी मनगटानं डोळे पुसत म्हणाली. "आज हीच घेऊन जा."

तिकडे मामा काउंटरमागे आला होता आणि गोंधळून इकडे बघत होता, तिकडे बघत होता. या दुकानात पाणी कुठे ठेवतात हे त्याला माहीतच नव्हतं. रांगेतल्या सगळ्यांनी एकदम हात करून दाखवलं.