कमलताईंचा नवा जोड

नागपूरहून यांचा फोन आला. "वैनी गेली." मी तूर निवडत होते. सुपातली सगळी निवडून झाली, मग उठले. महिना उलटला, रडू अजून आलेलं नाही.

कमलताई माझ्या थोरल्या जाऊ. घाटंजीत एकाच घरात दोन चुली मांडून आम्ही वर्षानुवर्षं राहिलो, बोलणं कामापुरतं. त्यांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पोटावर शौचाची पिशवी आली, आणि ती बदलायला त्यांनी हाक मारली ती नवऱ्याला नाही, लेकीला नाही... मला. का, ते मी कधी विचारलं नाही. पिशवी काही महिन्यांपुरती, असं डॉक्टर म्हणाले होते. पण खाली आतडं जिथं जोडलं, तिथंच ते आवळत गेलं. फुगा घालून रुंद केलं, पुन्हा आवळलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पिशवी कायमची राहू द्या, त्यात जिवाला धोका नाही. नाहीतर पोट पुन्हा उघडून आवळलेला भाग कापू, नवा जोड देऊ. तो टिकेलच असं सांगत नाही."

थोरले दीर घाबरले. "राहू दे व पिशवी. जिती तं राहशीन."

ताई माझ्याकडे वळल्या. "नंदा, पंगतीत शेवटची कवा बसली होती मी? वास येईन म्हणून दारातूनच आहेर देऊन वापस येतो आपण..." मग डॉक्टरांना म्हणाल्या, "द्या जोड."

जोड टिकला. पुढे पिशवीही निघाली. मुकुटबनला भाचीच्या लग्नात ताई पंगतीत मधोमध बसल्या. मी शेजारी, घास हातात धरून त्यांच्याकडेच बघत होते. "मले कायले पाहून राह्यली? जेव ना," म्हणाल्या, आणि वाढप्याला हाक मारून पुन्हा बुंदी घेतली.

उन्हाळ्यात कॅन्सर यकृतात निघाला. जोड शेवटपर्यंत उत्तम होता, असं डॉक्टरांनी मुद्दाम यांना सांगितलं. यांनी मला सांगितलं. मी मान हलवली.

त्या जोडानंतर ताईंना शौचाची कळ आली की थांबवत नसे, दिवसातून कितीदा तरी. म्हणून अंगणातल्या संडासाकडे जाणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या खोलीपाशी थांबून विचारायचा. आज सकाळी हे ताईंच्या दाराशी थांबले. "वैनी, जाऊ काय?"

हे तसेच उभे... मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हणाले, "जा तुम्ही. ताईले आता नाही जाचं."